दगडावर अजून जागा आहे

प्रति,
सातारा जिल्ह्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य,
गावोगावच्या स्मारक समित्या आणि माजी सैनिक संघटना यांस,

विषय : विमान अपघातात गेलेल्या क्रूची नावं गावच्या स्मारकावर कोरण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

झेंडावंदन झालं की आमच्या गावात पोरं जिलेबीच्या रांगेला लागतात आणि चावडीपुढच्या स्मारकाच्या खांबाजवळ म्हातारी माणसं तेवढी उरतात. गेल्या २६ जानेवारीला मी तिथंच थांबलो होतो. काकी आल्या. पदर सावरला, खांबाला हात जोडले आणि दगडाला बोट न लावता, हवेतच, वरून खाली नावांच्या ओळी मोजल्या. त्यांना वाचता येत नाही. सात ओळी झाल्या तसा हात खाली आला आणि त्या घराकडं वळल्या. त्यांचा मुलगा हवाई दलात होता. विमानासकट गेला. आठवी ओळ आली का, एवढंच बघायला त्या दर वर्षी दोनदा येतात.

मी हवाई दलात चोवीस वर्षं नोकरी केली, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. ट्रेड एअरफ्रेम फिटर. आता कोरेगाव तालुक्यात दीड एकर आलं आणि थोडा वाघ्या घेवडा करतो. विमान मी कधी उडवलं नाही. उडायच्या आधी ते तपासायचं, सही करायची आणि क्रूच्या ताब्यात द्यायचं, हे माझं काम. माझ्या हातून गेलेल्या विमानांत बसलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

काकींच्या मुलाचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांनीच सांगितलं, "आधी दगडावर येऊ दे, मग कागदावर." कोणतं विमान, कोणतं साल, तेही त्याच कारणानं लिहीत नाही. आमच्या गावचं नावही घालत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यांत मी हेच तीन गावांकडून ऐकलं आहे.

आमच्या खांबावर वरच्या बाजूला कोरलंय : 'मातृभूमीसाठी युद्धात कामी आलेले आमच्या गावचे वीर'. खांब उभा करताना समितीची बैठक झाली. त्या वेळी मी नोकरीवर होतो, पण काय झालं ते मला नंतर कळलं. काकींच्या मुलाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, तो लढाईत गेला नाही, अपघातात गेला. कुणी वाद घातला नाही. समितीतली सगळी माणसं चांगली आहेत, त्यांतल्या दोघांनी काकींच्या घरी तेरा दिवस राबून काम केलेलं आहे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. 'युद्धात' हा एक शब्द तेवढा दगडावर जाऊन बसला आणि त्यानं एक पोरगं बाहेर ठेवलं.

तो फ्लाइट गनर होता. आपल्याकडं 'विमानात होता' म्हटलं की लोक 'पायलट का?' असं विचारतात आणि 'नाही' म्हटलं की पुढं काही विचारत नाहीत. म्हणून जरा सांगतो. एएन-३२ सारख्या मालवाहू विमानात पुढं कॅप्टन आणि को-पायलट बसतात. नेव्हिगेटर वाट काढतो. फ्लाइट इंजिनिअर दोन्ही इंजिनांच्या काट्यांवरून नजर हलवत नाही. आणि मागं, मालाच्या बाजूला, फ्लाइट गनर असतो. रस्ता नसलेल्या चौक्यांना वरून माल टाकतात, तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधं. त्या वेळी मागचा रॅम्प उघडा असतो, खाली दरी, वारा असा की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. कमरेला पट्टा अडकवून तो तिथं उभा राहतो, घंटा झाली की माल सुटतो, आणि विमान दरीतून वर उचललं जाईपर्यंत तो तिथंच असतो. एका फेरीत हे अनेक वेळा. हवा बरी असली तर दिवसाला दोन फेऱ्या.

तो गेला त्या दिवशी मी त्याच तळावर, विमानं उभी करतात त्या फ्लाइट लाइनवर होतो. विमान माझं नव्हतं, दुसऱ्या शिफ्टनं सोडलं. पण मी बाजूच्याच विमानाखाली होतो, त्यानं मागच्या दारातून मला अंगठा दाखवला. रोजच दाखवायचा.

परतायची वेळ टळली. असा उशीर होतो. डोंगरात ढग उतरले की दुसऱ्या तळावर जाऊन उतरतात, म्हणून पहिला बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग फोन सुरू झाले, इथं उतरलं का, तिथं उतरलं का. पण विमानात इंधन किती भरलंय ते लिहिलेलं असतं आणि तेवढं किती वेळ पुरतं हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्या मिनिटावर आला आणि पुढं गेला. त्या मिनिटानंतर ते विमान हवेत असू शकत नव्हतं. खोलीत दहा-बारा जण होतो. कुणी घड्याळाकडं बघत नव्हतं आणि प्रत्येकाला किती वाजले ते माहीत होतं.

फॉर्म ७०० म्हणून विमानाचं एक पुस्तक असतं. आम्ही तपासणीच्या सह्या करतो, मग कॅप्टन सही करून विमान ताब्यात घेतो. विमान जातं, पुस्तक जमिनीवर राहतं. संध्याकाळी अधिकारी आले आणि ते पुस्तक कपाटातून काढून, सील करून घेऊन गेले, चौकशीसाठी. ज्याची शेवटची सही होती तो पोरगा भिंतीला टेकून उभा होता, सबंध रात्र. बाहेर विमानाच्या जागेवर त्याचे चॉक तसेच पडले होते. चॉक म्हणजे चाकांना लावतात त्या उटी. विमान परत आलं की पहिल्यांदा त्या लावायच्या, म्हणून त्या जागेवरच ठेवतात. तीन दिवस कुणी त्या उचलल्या नाहीत. चौथ्या दिवशी आमच्या सार्जंटनी स्वतः उचलल्या आणि स्टोअरमध्ये न देता शेडच्या कोपऱ्यात ठेवल्या.

हे मी कुणाला रडवायला सांगत नाही. 'अपघात' हा शब्द गावात उच्चारला की डोळ्यांपुढं घाटातला ट्रक येतो. आमच्या लेखी तो शब्द असा दिसतो, हे समितीच्या माणसांना कळावं म्हणून सांगितलं.

आता ज्या गोष्टी सगळ्या देशाला माहीत आहेत त्या बघू. ३ जून २०१९ ला आसामातल्या जोरहाटहून दुपारी साडेबाराच्या सुमारास एक एएन-३२ अरुणाचलातल्या मेचुकाला निघालं. तासाभराचीही वाट नाही. एक वाजता शेवटचा संपर्क झाला. आठ दिवस शोध चालला आणि ११ जूनला लिपो गावाच्या उत्तरेला, बारा हजार फुटांच्या आसपास, झाडीत अवशेष दिसले. आठ क्रू आणि पाच प्रवासी, तेरा जण. हवाई दलानं नावं जाहीर केली. ती मी इथं पूर्ण लिहितो, कारण आपण बहुतेकांनी ती एकदाही पूर्ण वाचलेली नाहीत. विंग कमांडर जी. एम. चार्ल्स. स्क्वाड्रन लीडर एच. विनोद. फ्लाइट लेफ्टनंट आर. थापा, ए. तंवर, एस. मोहंती, एम. के. गर्ग. वॉरंट ऑफिसर के. के. मिश्रा. सार्जंट अनूप कुमार. कॉर्पोरल शेरीन. लीडिंग एअरक्राफ्ट्समन एस. के. सिंह आणि पंकज. आणि शेवटी एनसी (ई) पुताली, एनसी (ई) राजेश कुमार. एनसी (ई) म्हणजे भरती झालेले, पण लढाऊ नसलेले कर्मचारी. स्वयंपाक, साफसफाई अशी कामं त्यांच्याकडं असतात. ज्यांच्या पदाच्या नावातच 'नॉन कॉम्बॅटंट' लिहिलंय ते दोघेही त्याच डोंगरावर पडले. हवाई दलानं तेराच्या तेरा नावं एका यादीत दिली, खाली रेघ मारून 'आणि इतर' लिहिलं नाही. मला त्या दिवशी आपल्या दलाचा अभिमान वाटला.

याच मेचुकाच्या वाटेवर दहा वर्षं आधी, ९ जून २००९ ला, दुसरं एएन-३२ पडलं होतं. त्यातही तेराच माणसं होती.

२२ जुलै २०१६ ला सकाळी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर रडारवरून दिसेनासं झालं. एकोणतीस जण. त्यांत क्रू सहा, आणि विशाखापट्टणमच्या नौदल शस्त्रागारातले आठ नागरी कर्मचारीसुद्धा. नेव्हिगेटर आपल्या पुण्याजवळच्या निगडीचे, फ्लाइट लेफ्टनंट कुणाल बारपट्टे. जहाजं, पाणबुडी, विमानं लावून शोधलं, काही हाती लागलं नाही. सप्टेंबरमध्ये सगळ्यांना मृत मानलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या यंत्रानं ३,४०० मीटर खोल तळाची छायाचित्रं काढली, त्यांत विमानाचे तुकडे दिसले. किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर. साडेसात वर्षांनी घरच्यांना जागा कळली, पण फूल वाहायला जाता येईल अशी जागा नव्हे. अशा घराला गावातल्या दगडावरचं एक नाव किती मोठं असतं, याचा विचार करा.

आणि ७ फेब्रुवारी १९६८. चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२, क्रमांक बीएल-५३४, हवामान खराब म्हणून मागं फिरलं आणि रोहतांगच्या बाजूला नाहीसं झालं. १०२ माणसं. २००३ साली गिर्यारोहकांच्या तुकडीला लाहौलमध्ये बर्फात अवशेष सापडले, तोवर पस्तीस वर्षं गेली होती. मग कधी एक, कधी दोन-तीन, असे मृतदेह हिमनदी देत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये सैन्याच्या डोग्रा स्काउट्सनी आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू या बचाव पथकानं आणखी चार मृतदेह खाली आणले. त्यांतले थॉमस चेरियन केरळातल्या इलंतूरचे. बाविसाव्या वर्षी गेले होते. छप्पन्न वर्षांनी गावात दफन झालं, तेव्हा ज्यांनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं अशी घरातली पुढची पिढी खांद्याला होती. सैन्यानं छप्पन्न वर्षांनीसुद्धा शोध सोडला नाही. आपल्याला चावडीपर्यंत जायचं आहे.

८ डिसेंबर २०२१ चं कुन्नूरचं हेलिकॉप्टर तुम्हा सर्वांना आठवतं. जनरल बिपिन रावत गेले, आपल्या जिल्ह्यात चौकाचौकांत त्यांचे फलक लागले, ते योग्यच झालं. पण त्या एमआय-१७ मध्ये चौदा जण होते आणि ते उडवणारे चौघे होते : विंग कमांडर पृथ्वीसिंह चौहान, स्क्वाड्रन लीडर कुलदीप सिंह, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर राणा प्रताप दास, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर ए. प्रदीप. शेवटचे दोघे माझ्याच रँकचे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी लागलेल्या एकाही फलकावर मला या चौघांचे चेहरे दिसले नाहीत.

प्राथमिक चौकशीत यंत्राचा बिघाड नाही, घातपात नाही, हलगर्जीपणा नाही, असं सांगितलं गेलं. दरीत अचानक हवामान बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि डोंगराला धडकलं. नंतर डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातल्या चौतीस अपघातांची नोंद आली आणि या अपघातापुढं कारण लिहिलं होतं : मानवी चूक, एअरक्रू. तंत्रज्ञ म्हणून मी म्हणेन की चौकशी झालीच पाहिजे आणि चूक असेल तर ती लिहिलीच पाहिजे, त्यातूनच पुढची विमानं सुखरूप परततात. पण एक गोष्ट मला सलते. जाताना त्या माणसांची आठवण कुणाला झाली नाही, आणि चूक कुणाची हे विचारायची वेळ आली तेव्हा मात्र 'क्रू' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. ढगातून वाट काढत ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलं, त्यांची एका शेवटच्या मिनिटावरून किंमत करू नका.

आता समितीच्या माणसांनी मला जे विचारलं त्याकडं येतो. ते प्रश्न खरे आहेत, टाळणार नाही.

पहिला प्रश्न सरकारी नियमाचा : सरकारच लढाईतला आणि अपघातातला वेगळा धरतं, मग गावानं एक कसं धरायचं? सैन्यात 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतली हानी, आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी', म्हणजे सेवेत इतर कारणानं झालेली हानी, असे दोन वर्ग आहेत हे खरं. त्यावरून घरच्यांना मिळणारी रक्कम ठरते, सवलती ठरतात. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं तेव्हा तिथल्या त्यागचक्र नावाच्या भिंतींच्या ग्रॅनाइटवर २५,९४२ नावं होती. ते देशाचं युद्धस्मारक, त्याचे निकष देशाचे. त्यांनी ठरवावेत. पण आपल्या चावडीपुढचा खांब कुठल्या पेन्शन कार्यालयानं उभारलेला नाही. त्याला घराघरातून वर्गणी गेली आहे, काकींच्या घरातूनसुद्धा गेली आहे, पावती मी पाहिली आहे. गावाच्या दगडावर गावानं कुणाला आपलं म्हणायचं, हे ठरवायला दिल्लीचा कागद कशाला हवा? ग्रामसभा बसली आणि हात वर झाले की झालं.

दुसरा प्रश्न एका जुन्या सुभेदार साहेबांनी विचारला, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. ते म्हणाले, अपघात घेतला तर मग आजारानं गेलेला, बर्फात गेलेला, सगळेच घ्यावे लागतील. मी म्हणतो, घ्या. आपल्या जिल्ह्यात तर हे नवं नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, त्या एका गावची शेहेचाळीस माणसं पहिल्या महायुद्धात गेली. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्कांनी तिथल्या कूत शहराला घातलेल्या वेढ्यात १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तिथं आणि नंतरच्या कैदेत माणसं नुसती गोळीनं गेली नाहीत, उपाशी गेली, तापानं आणि हगवणीनं गेली. महायुद्धातल्या मृतांच्या स्मारकांचं काम पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा नियम असा की ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना जो गेला तो त्यांच्या नोंदीत घ्यायचा, मरणाचं कारण कोणतंही असो. गोळी लागली की ताप आला, हे शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारनं विचारलं नाही.

त्यांनी दुसरीकडं मात्र अन्याय केला, तोही सांगतो. इराकमधल्या बसरा स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि हिंदुस्थानी शिपायांचा नुसता आकडा टाकला, 'आणि इतके हिंदुस्थानी सैनिक'. एप्रिल २०२१ मध्ये त्या कमिशननं या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. ज्यांची नावं कोरायची राहिली त्यांत आपल्या पलटणींची माणसं होती. आपल्या माणसाला कुणी 'आणि इतर' म्हटलं की पोटात काय कालवतं, ते सातारा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. मग आपणच आपल्या पोराला 'इतर' का करायचं?

आणि जाहीर युद्धच पाहिजे असेल, तर जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे कुठल्या युद्धात होते? ते मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांच्या हातात लाठी होती. पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांना २०१५ साली कुपवाड्यात वीरमरण आलं, तेव्हाही देशानं युद्ध पुकारलेलं नव्हतं. त्या दोघांपुढं सगळा जिल्हा झुकतो, आणि झुकताना कुणी वर्ग विचारत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की तीच नजर जरा लांब करा. हुकूम आला म्हणून पहाटे विमानात चढलेला, चौकीवरच्या जवानांसाठी डाळ-तांदूळ घेऊन गेलेला पोरगाही त्याच ओळीत येतो.

एसटीचा ड्रायव्हर अपघातात गेला तर त्याचंही नाव कोरायचं का, असं एका तरुण सदस्यानं विचारलं. त्याला मी म्हणालो, गावाची सेवा करताना गेला असेल तर त्याच्यासाठीही काहीतरी करा, मी वर्गणी देतो. पण एक न झालेलं काम दाखवून दुसरं अडवू नका.

आमच्या भैरोबाच्या देवळामागं तीन वीरगळ आहेत. तुमच्याही गावात असतील, सातारा-सांगलीत वीरगळ नाही असं जुनं गाव शोधून काढावं लागेल. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, त्याच्या वर शिवपिंडीपुढं तो हात जोडून बसलाय, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. आमच्या तिसऱ्या वीरगळावर खालच्या चौकटीत सैन्य नाही. गाई आहेत. चोर गाई घेऊन चालले होते आणि एक माणूस आडवा झाला, मेला. राजाची लढाई नव्हती ती. तरी गावानं त्याला दगड दिला, तोच मान दिला, तेच चंद्र-सूर्य दिले. आपल्या पूर्वजांनी वीर कोण हे ठरवताना आपल्या समितीपेक्षा मोठं मन दाखवलं होतं.

पण त्यांनी एक गोष्ट केली नाही. नाव कोरलं नाही. लहानपणापासून मी त्या दगडाला तेल-शेंदूर लागलेलं पाहतो आहे आणि तो कोण होता, कोणाच्या घरातला होता, हे आज गावात एकालाही सांगता येत नाही. त्याचा वंश कदाचित माझ्याच घरी असेल. काकींच्या मुलाच्या बाबतीत ते सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. अजून वेळ आहे.

म्हणून आपणा सर्वांकडं मागणं करतो. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढं हा विषय घ्या. गावातली सेवेत असताना गेलेली सगळी माणसं मोजा. जमिनीवर गेलेली, पाण्यात गेलेली, विमानात गेलेली, अधिकारी असोत की स्वयंपाकी. माजी सैनिक संघटनांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून नोंदी मिळवून द्याव्यात, कागदाचं काम आम्हाला जमतं, ग्रामपंचायतीवर बोजा टाकणार नाही. जिथं दगडावर 'युद्धात' असं कोरलंय तिथं तो शब्द खोडा असं मी म्हणत नाही, कोरलेलं खोडलं की दगड जखमी दिसतो. त्याच्या खाली एक ओळ वाढवा : 'आणि देशसेवेत असताना'. एवढ्यानं पुरतं. शाळेच्या गुरुजींना, बाईंना विनंती आहे की २६ जानेवारीला नावं वाचताना पद आणि काम दोन्ही वाचा. फ्लाइट इंजिनिअर होता, नेव्हिगेटर होता, गनर होता. पोरं विचारतील म्हणजे काय, तेव्हा आम्हाला बोलवा. येऊन सांगू. सातारच्या सैनिक स्कूलमधून, देशातल्या पहिल्या सैनिक स्कूलमधून, शिकून गेलेले प्रदीप नाईक हवाई दलप्रमुख झाले, हे जिल्ह्यातल्या पोरांना ठाऊक असतं. दर वर्षी आपल्या गावागावांतून बेळगावला सांबऱ्याच्या ट्रेनिंग स्कूलला जाऊन जी पोरं एअरमन होतात, ती काय काम करतात, हेही त्यांना ठाऊक व्हावं.

आमच्या गावापुरतं सांगायचं तर मी अर्ज दिला आहे. सुभेदार साहेबांनी पहिली सही केली. सातव्या नावाखाली दगड कोरा आहे, मी टेप लावून मोजला, अकरा इंच. पाथरवट म्हणाला, चार ओळी बसतील, तारीख आणि 'फ्लाइट गनर' धरून. खर्च मी देतो म्हटलं, त्यानं निम्मी मजुरी सोडली.

अक्षरं कागदावर लिहून द्या, असं तो म्हणाला. मी मुलाच्या नोकरीच्या कागदावरून उतरवून घेतलं आणि नक्की करायला काकींच्या ओसरीवर जाऊन मोठ्यानं वाचलं. तळावर आम्ही सगळे त्याला जसं म्हणायचो तसंच वाचलं. काकींनी मान हलवली. "तसं न्हाई रे," म्हणाल्या आणि स्वतः नाव घेतलं. आडनावात 'ळ' आहे. कागदावर 'ल' झाला होता. मी खोडून 'ळ' केला, पुन्हा वाचून दाखवला, आणि कागद पाथरवटाला नेऊन दिला.

आपला,
एक निवृत्त ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, भारतीय हवाई दल
तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा